टर्बो माउंटन स्लेड: पुढचे अपग्रेड कुठल्या क्रमाने करायचे?

उंचवाट

मंडळी, जरा मदत करा. ८५० सीसी टू-स्ट्रोक माउंटन स्लेड, म्हणजे डोंगरातल्या बर्फात चालवायची स्नोमोबाइल घेतलीये, वापरलेली, ट्रॅक (खाली फिरणारा रबरी पट्टा) १६५ इंची आणि त्यावरचे लग, म्हणजे बर्फात रुतणारे दात, ३ इंची. आधीच्या मालकाने तिच्यावर बाहेरचं टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) किट चढवलंय, कंपनीचा टर्बो नाही हे आधीच सांगतो म्हणजे पुढे गोंधळ नको. किट साधं आहे, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ६ पीएसआयला लावलाय आणि इंधनासाठी एक छोटा कंट्रोलर आहे. क्लचला हात लावला होता का, हे मात्र त्याला धड सांगता आलं नाही.

चालवतो बहुतेक ८ ते १० हजार फुटांवर, ताज्या भुसभुशीत बर्फात, झाडीतून वाट काढत आणि मग एखादा लांब चढ. अडचण अशी की चढाच्या सुरुवातीला स्लेड नुसती उसळते, आरपीएमही झपकन वर जातो, आणि अर्ध्यावर गेलं की दम सुटतो, रबर जळाल्याचा वास येतो, थांबून साइड पॅनल उघडलं तर दोन क्लचमधल्या बेल्टला हात लाववत नाही.

इकडे तिकडे विचारून यादी झालीये ती अशी, इंटरकूलर, क्लच किट, वाइडबँड गेज (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारं), हलका मफलर, स्क्रॅचर (कडक बर्फ खरवडून वर उडवणारे), पॅनलचे व्हेंट, १७५ चा ट्रॅक, मागचं सस्पेन्शन, मोठा फ्यूएल पंप. जो तो आपलं घोडं पुढे दामटतो. एकाने तर सरळ बूस्ट ९ वर ने म्हणून सांगितलं. सगळं एकदम घेणं जमणार नाही, आणि जमलं तरी सगळं एकाच वेळी बदललं तर फरक कशाने पडला तेच कळणार नाही. म्हणून क्रम विचारतोय. तुम्ही असता तर आधी कशाला हात घातला असता?

---

बेल्टवेडा

बूस्ट वाढवायचा विषय सध्या पूर्ण बाजूला ठेव दादा. आहे तीच ताकद ट्रॅकपर्यंत पोचत नाहीये, वरून आणखी ओतलीस तर बेल्ट आणखी लवकर जाईल, बस.

तू जे लिहिलंयस ना, सुरुवातीला आरपीएम झपकन वर आणि नंतर वास, यावरून मला तरी वाटतं की प्रायमरी क्लचमध्ये (इंजिनावरचा) अजून बिनटर्बोचे वेट्स, म्हणजे फिरताना बेल्टला आवळणारी वजनं आहेत. साधं गणित बघ. बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे १० हजार फुटांवर जवळपास ३० टक्के गेली. त्या उंचीसाठी क्लच लावलेला असतो तो या उरलेल्या ७० टक्क्यांसाठी, म्हणजे वेट्स हलके. आता टर्बोने ती गेलेली ताकद परत आणली, पण वेट्स तेच राहिले, तर ते बेल्टला पुरेसे आवळतच नाहीत. इंजिन मोकळं सुटतं, आरपीएम वर जातो, बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, तापला की आणखी घसरतो.

त्यामुळे माझ्या मते पहिला नंबर क्लचिंगचा. आणि क्लचिंग म्हणजे नुसतं किट आणून बसवणं नाही हां, हे आधीच सांगून ठेवतो. इंजिनाला जास्तीत जास्त ताकद ज्या आरपीएमला मिळते तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, किट बनवणाऱ्याने वेगळा दिला असेल तर तो धर. ताज्या बर्फात, इंजिन नीट गरम झाल्यावर, पूर्ण थ्रॉटलला आरपीएम त्याच्या वर जात असेल तर वेट्स वाढवायचे, खाली राहत असेल तर कमी करायचे. एका वेळी थोडंच बदल, आणि स्प्रिंग आणि वेट्स एकदम बदलू नकोस नाहीतर दोन्हीचा हिशोब चुकतो.

सेकंडरीकडे, म्हणजे ट्रॅककडच्या दुसऱ्या क्लचकडे पण बघ. झाडीत आपण सारखा थ्रॉटल सोडतो आणि परत दाबतो, अशा वेळी क्लचने पटकन बॅकशिफ्ट केलं नाही, म्हणजे तो खालच्या रेशोत परत आला नाही तर आरपीएम पडतो आणि आरपीएम पडला की टर्बो पण झोपतो. बिनटर्बोवर ते एक वेळ चालून जातं, टर्बोवर नाही, कारण बूस्ट परत तयार व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात स्लेड बर्फात रुतलेली असते. हेलिक्सचा (सेकंडरीतल्या तिरक्या उताराचा) कोन थोडा कमी केला की बॅकशिफ्ट सुधारतं आणि बेल्टवर पकड पण वाढते. पण हे वेट्स जमल्यावर.

आणि एक गोष्ट जी यादीत कुणीच सांगितलेली दिसत नाही, टॉर्क स्टॉप. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, जोरात थ्रॉटल दिला की बेल्टच्या ओढीने ते सेकंडरीच्या बाजूला खेचलं जातं, दोन क्लचमधलं अंतर आणि सरळपणा दोन्ही बिघडतं, बेल्ट तिरका चालतो. टॉर्क स्टॉप त्या हालचालीला अडवतो. छोटासा तुकडा आहे, बसवायला फार वेळ लागत नाही, पण टर्बोवर त्याच्याशिवाय क्लचिंग करणं मला तरी पटत नाही. माउंट जुने झाले असतील तर ते पण बदल.

घरी बसून करण्यासारखं एक काम सांगतो. प्रायमरीच्या शीव्हवर (बेल्ट ज्या तबकड्यांमध्ये बसतो त्यावर) आतून बाहेरपर्यंत जाड काळ्या मार्करने एक सरळ रेघ मार, दोन्ही बाजूंना. मग नेहमीसारखा एक चढ चढून ये आणि पॅनल उघडून बघ बेल्टने ती रेघ कुठपर्यंत पुसलीये. अर्ध्यावरच थांबली असेल तर खोल बर्फात तू कायम खालच्या रेशोत अडकून आहेस, बेल्ट छोट्या वर्तुळात घासतोय, तेव्हा गिअरिंग खाली आणायचा विचार करावा लागेल. शीव्हवर निळसर किंवा तपकिरी पट्टा दिसला तर तिथे बेल्ट घसरलाय. बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील किंवा एखाद्या ठिकाणी रुंदी कमी झाली असेल, कंबर आत गेल्यासारखी, तर तो बेल्ट परत वापरू नकोस, त्याच्यावर केलेलं कुठलंही क्लचिंग खोटं निघेल.

---

चार्जकूल

बेल्टवेडा दादांच्या क्लचिंगच्या मुद्द्याला माझा पाठिंबा, टॉर्क स्टॉपला तर दुप्पट. पण "अर्ध्यावर दम सुटतो" हे सगळं क्लचच्याच माथी मारू नका असं मला वाटतं. इंटरकूलर नसलेल्या टर्बोमध्ये हेच लक्षण हवा तापल्यामुळे पण दिसतं.

आधी बूस्टच्या आकड्याबद्दल, कारण यात खूप जण फसतात. ६ पीएसआय म्हणजे बाहेरच्या हवेच्या वर ६. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, १० हजार फुटांवर १० च्या जरासा वर. म्हणजे तुझ्याकडे इंजिनात जाते ती हवा १६ च्या आसपास, खाली समुद्राकाठी कुणी तोच ६ लावला तर २० च्या वर जाईल. उंची न सांगता कुणी नुसता बूस्टचा आकडा सांगितला तर तो आकडा घेऊन काही ठरवता येत नाही. तुला ९ सांगणारा किती उंचीवर चालवतो, कुठलं पेट्रोल घालतो, हेडची कम्प्रेशन किती आहे, हे विचारलंस का?

आता तापण्याचं. १० चे १६ करायचे म्हणजे हवा १.६ पट दाबली. बाहेर उणे ५ अंश असले तरी एवढं दाबल्यावर टर्बोतून निघणारी हवा ५० अंशांच्या घरात जाते, हे मी कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५-७० टक्के धरून काढलंय. ९ पीएसआयला त्याच उंचीवर दाब जवळपास १.९ पट होतो आणि हवा ७५ च्या आसपास. गरम हवा विरळ असते, म्हणजे दाब वाढवलेला काही भाग तिथेच वाया गेला, आणि वरून डेटोनेशनचा (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप स्फोटासारखं भडकण्याचा) धोका. टू-स्ट्रोकचा पिस्टन डेटो फार वेळ सहन करत नाही, कडेला बारीक वाळूने खरवडल्यासारखे खड्डे पडायला लागतात आणि मग एके दिवशी सरळ भोक. ज्या इंजिनात डेटोनेशन ओळखणारा नॉक सेन्सर आहे तिथे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, इंजिन वाचतं पण ताकद कमी होते, आणि वर बसलेल्याला वाटतं क्लच बिघडला.

मग दोन्हीतला फरक कसा ओळखायचा? चढावर आरपीएमवर नजर ठेव. आरपीएम टिकून आहे पण स्लेडचा वेग मंदावतोय आणि बेल्ट भाजतोय, म्हणजे घसरतोय, क्लचचं दुखणं. आरपीएमच हळूहळू खाली येतोय आणि बेल्ट मात्र ठीकठाक कोमट, म्हणजे इंजिनच ताकद कमी देतंय, हवा तापलीये किंवा इंधन कमी पडतंय किंवा हवा आत येतच नाहीये. दोन्ही एकत्र पण असू शकतं.

त्यासाठी आधी मोजायची साधनं. बेल्टच्या तापमानाचं गेज मिळतं, कायम बसवायचं, ते घेच. ते येईपर्यंत हातात धरायची इन्फ्रारेड गन चालेल, पण थांबल्या थांबल्या लगेच मोज, आणि बेल्टपेक्षा शीव्हवर मोजलेलं जास्त भरवशाचं. मी ९० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाही, त्याच्या बराच खाली राहिला तर उत्तम. दुसरं, इनटेकमध्ये हवेच्या तापमानाचा सेन्सर, टर्बोच्या नंतर. तिसरं बूस्ट गेज, ते तुझ्याकडे असेलच असं धरतो.

वाइडबँड घ्यायला माझी ना नाही, पण टू-स्ट्रोकवर त्याला शंभर टक्के प्रमाण मानू नकोस. न जळलेली थोडी ताजी हवा सरळ एक्झॉस्टमध्ये निसटते त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा लीन (इंधन कमी असल्यासारखा) दिसू शकतो, डायरेक्ट इंजेक्शनवर तर जास्तच. शिवाय तेलामुळे सेन्सर काळवंडतो आणि शिसं असलेलं रेस फ्यूएल घातलं तर लवकर मरतो. काल जिथे होता तिथेच आज आहे ना, एवढं बघायला तो उत्तम. बूस्ट वाढला की इंधनाचा दाब पण त्याच प्रमाणात वाढला पाहिजे, किटचा रेग्युलेटर तसा आहे का ते एकदा तपास, चढाच्या शेवटी इंधनाचा दाब पडत असेल तर मोठा पंप यादीत वर येतो, नाहीतर त्याची गरज नाही.

आणि हो, सगळ्यात आधी एअर इनटेकचे जाळीवाले प्री-फिल्टर बघ. खोल पावडरमध्ये ते बर्फाने बुजतात. बिनटर्बोचं इंजिन तेव्हा नुसतं गुदमरतं, टर्बो मात्र जोरात ओढत राहतो, जाळी आत खेचली जाते किंवा बर्फाचा गोळा आत जातो आणि कॉम्प्रेसर व्हीलची पाती वाकतात. पाण्याला चिकटू न देणारं कापड असलेले मोठे व्हेंट मिळतात, ते मी इंटरकूलरच्याही आधी लावीन.

---

हिमरेषा

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले, छान लिहिलंय दोघांनी. मी थोडं वेगळं लिहिते.

१७५ चा ट्रॅक सध्या घेऊ नका. तुम्ही झाडीत जास्त असता असं लिहिलंय, १७५ सरळ चढाला मस्त पण वळवायला जड, आणि १६५ बाय ३ या ताकदीला व्यवस्थित पुरतो. आधी आहे त्याच ट्रॅकचा ताण तपासा. टर्बोच्या झटक्याने सैल ट्रॅक ड्रायव्हरच्या दातांवरून घसरतो, कडकड असा आवाज येतो, तेव्हा लोकांना वाटतं चेनकेस (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीची पेटी) गेली. अँटी-रॅचेट, म्हणजे ट्रॅक घसरू न देणारे ड्रायव्हर नसतील तर पुढे कधी ट्रॅक काढाल तेव्हा बसवून घ्या.

स्क्रॅचर मात्र लगेच लावा. पावडरमध्ये बर्फ आपोआप टनेलखालच्या हीट एक्स्चेंजरवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या) उडतो, पण गाडीतळावरून वर डोंगरापर्यंत जो कडक रस्ता असतो तिथे उडत नाही. इंजिन आधीच तापून वर पोचतं आणि मग पहिल्याच चढाला तुम्ही म्हणता दम नाही. रिव्हर्स घेताना तुटणार नाहीत असे केबलवाले घ्या. आणि जाताना अधूनमधून कडेच्या मऊ बर्फात उतरत चला.

हलका मफलर मी तरी घेणार नाही. आवाज वाढतो, त्यामुळे रायडिंगच्या जागा बंद होतात, आणि टर्बोच्या पुढचा अडथळा बदलला की बूस्ट आणि इंधनाचं गणित परत मांडावं लागतं.

आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. टर्बोमुळे स्लेड अशा उतारांवर पोचते जिथे आधी तुम्ही अर्ध्यावरून वळत होतात. बहुतेक ॲव्हलांच (हिमकडे) ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि नेमका तोच उतार टर्बोवाल्यांना खुणावतो. बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हे प्रत्येकाच्या अंगावर, स्लेडच्या बॅगेत नाही, कारण स्लेड आणि माणूस वेगळे होतात. ॲव्हलांचमध्ये फुगून माणसाला वर ठेवणारी एअरबॅग यादीत नाहीये तुमच्या, माझ्याकडून ती इंटरकूलरच्या वर लिहा. गाडलेल्या माणसासाठी पहिली १०-१५ मिनिटंच खरी हाताशी असतात, बाहेरून मदत यायची वाट बघण्याइतका वेळ नसतो, जे सोबत आहेत त्यांनीच काढायचं असतं. त्यामुळे ॲव्हलांचचा कोर्स एकट्याने नाही, अख्ख्या ग्रुपने करा. चढावर एका वेळी एकच जण, बाकीचे खाली सरळ रेषेत उभे न राहता बाजूला.

आता तुम्ही गेज, सेन्सर, रेडिओ लावणार म्हणून हे पण लक्षात ठेवा, बीकनला इलेक्ट्रॉनिक्सचा त्रास होतो. बीकन पाठवत असताना फोन वगैरे किमान २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५० सेंटिमीटर. शोध सुरू झाला की आजूबाजूच्या सगळ्या स्लेड बंद.

---

उंचवाट

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. हिमरेषा ताई, एअरबॅग यादीत सगळ्यात वर घेतलीये आणि कोर्सबद्दल ग्रुपमध्ये बोललो, सगळे तयार आहेत.

काय काय केलं ते लिहितो. क्लच उघडला तर बेल्टवेडा दादांनी म्हटल्याप्रमाणेच, वेट्स मूळचेच. किटबरोबर जो आरपीएम दिलाय त्याच्या ३००-४०० वर जात होता. सेकंडरीच्या शीव्हवर तपकिरी पट्टा स्पष्ट दिसतोय. बेल्टच्या बाजू चकचकीत, तो फेकला. मार्करची रेघ अर्ध्याच्या थोडी वर पुसली गेली. गनने शीव्ह मोजली तर ११० अंश. प्री-फिल्टर एका बाजूचा पूर्ण बुजलेला.

मग वेट्स टप्प्याटप्प्याने वाढवले, टॉर्क स्टॉप लावला, शीव्ह घासून साफ केल्या, नवीन बेल्ट साबणाच्या पाण्याने धुवून आधी हळू चालवून मुरवला, क्लचच्या बाजूच्या पॅनलला व्हेंट केला, प्री-फिल्टर बदलले आणि स्क्रॅचर लावले. आता आरपीएम बरोबर आकड्यावर, शीव्ह ७५ च्या आसपास, वास गेला. पहिला अर्धा चढ तर काय सांगू, तीच स्लेड आहे यावर विश्वास बसत नाही.

पण खरंच लांब चढ असला, थ्रॉटल सलग दाबून ठेवावा लागला, की शेवटी आरपीएम २००-२५० ने खाली येतो. बेल्ट थंडच असतो. इनटेकचा सेन्सर लावलाय, चढाच्या सुरुवातीला ३५ दाखवतो आणि शेवटी ६० च्या वर. इंधनाचा दाब मात्र हलत नाही. म्हणजे आता चार्जकूल दादांचं म्हणणं खरं धरायचं का?

---

चार्जकूल

हो, हे सरळ हवेचंच दिसतंय. बेल्ट थंड, इंधन ठीक, आरपीएम खाली आणि इनटेक ६० च्या वर, आता शंकेला जागा नाही. आणि क्लच आधी नीट केलास म्हणून हे इतकं स्वच्छ दिसलं, आधी दोन्ही एकमेकांत मिसळलं होतं.

इंटरकूलर घेण्याआधी फुकटातलं एक बघ. सेन्सर सुरुवातीलाच ३५ दाखवतो याचा अर्थ टर्बो हुडखालची तापलेली हवा ओढतोय का? इनटेकची नळी टर्बोपर्यंत नीट बंद आहे का, कुठे सांधा सुटलाय का ते बघ, सुटलेल्या सांध्यातून गरम हवा पण येते आणि बर्फ पण. टर्बोच्या गरम बाजूला आणि पाइपला उष्णतारोधक पट्टी किंवा ब्लँकेट आहे का? नसेल तर लाव, प्लास्टिकचे पॅनल पण वाचतील. एक्झॉस्टच्या बाजूच्या पॅनलला गरम हवा बाहेर जायला व्हेंट दे. एवढ्याने सुरुवातीचा आकडा खाली आला पाहिजे.

त्यानंतरही शेवटाला ६० दिसत असेल तर इंटरकूलर. निवडताना तो बसतो कुठे ते बघ. बर्फाच्या फवाऱ्यात बसणारा थंड चांगला करतो पण बुजतो पण, आणि हुडखाली कोंडलेला असला तर थोड्या वेळाने स्वतःच तापतो. मधल्या नळ्या जितक्या लांब तितका थ्रॉटलचा प्रतिसाद मंद, झाडीत तो जाणवतो. इंटरकूलर लावल्यावर हवा घट्ट होईल, इंधन परत तपासायचं आणि वेट्स पण कदाचित थोडे वाढतील, तेव्हा लगेच लांब चढाला जाऊ नकोस.

---

बेल्टवेडा

आकडे बघून बरं वाटलं. ११० वरून ७५, हे झालंच पाहिजे होतं.

चार्जकूलने सांगितलंय त्यात एवढीच भर. मार्करची रेघ अर्ध्याच्या थोडीच वर आहे, म्हणजे गिअरिंग अजून थोडं उंच आहे तुझ्या वापरासाठी. इंटरकूलरआधी एक दात खाली येऊन बघ, सपाटीवरचा टॉप स्पीड जाईल पण तो तुला हवाय कुठे. गिअरिंग बदललं की रेघ परत मार.

कंपनीने स्वतः टर्बो काढला तेव्हा काय केलं ते पण बघण्यासारखं आहे. स्की-डूने २०२० च्या मॉडेलला ८५० ई-टेक टर्बो आणला तो १६५ हॉर्सपॉवर ८ हजार फुटांपर्यंत टिकवायला, म्हणजे खाली जी ताकद असते तीच वर न्यायची, एवढंच. पोलॅरिसचा पॅट्रियट बूस्ट २०२२ ला आला. तू १० हजारावर ६ पीएसआयला आहेस म्हणजे साधारण तिथेच आहेस, आणि पंपावरच्या चांगल्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर. इथून ९ वर जायचं म्हणजे हेड, इंधन, पेट्रोल सगळंच बदलतं, तो वेगळा धागा काढ.

नवीन वेट्सचे बोल्ट आणि प्रायमरीचा मधला बोल्ट परत एकदा टॉर्क रेंचने तपास, मॅन्युअलच्या आकड्याला. आणि एक बेल्ट कायम सोबत, मुरवलेला, नवाकोरा नाही. गिअर बदलल्यावर रेघ कुठे थांबली आणि शेवटाचा आरपीएम किती ते इथे टाक, मग हेलिक्सचं बघू.